दोघींचे दाखले

मुख्याध्यापिका : हात जोडू नका हो. वर्ग भरलाय म्हणजे भरलाय. दारातून बघा हवं तर, तिघींच्या बाकावर पाचजणी बसल्यात.

मावशी : बघितलं, बाई. पण ही एवढीशी पोर. कोपऱ्यात अंग चोरून बसेल.

मुख्याध्यापिका : प्रत्येक आई हेच सांगते. गेल्या उन्हाळ्यात त्याच वर्गात एक पोरगी गुदमरून कोसळली. मग वरून मर्यादा घातली. खरं सांगू? मलाच हायसं वाटलं.

मावशी : मी हिची आई नाही, मावशी. माझी बहीण गेली, मी हिला घेऊन आले. तेव्हापासून हिची वाचाच बसलीय. बोलते ती फक्त माझ्या लेकीशी, तेही कानात. आणि माझी लेक तुमच्या याच वर्गात.

मुख्याध्यापिका : अरेरे... पण हमरस्त्यापलीकडच्या शाळेत जागा आहे.

मावशी : का आहे, ते तुम्हालाही ठाऊक आहे. ते ट्रक! मोठी माणसं जीव मुठीत धरून ओलांडतात. मी इस्पितळाच्या चादरी धुते, पाळी उजाडतानाच सुरू होते. हिला कोण नेणार?

मुख्याध्यापिका : माझे हात बांधलेत हो.

मावशी : मग असं करा. माझ्या लेकीचं नाव काढा, हिचं घाला. लेक धीट आहे, ती जाईल पलीकडे.

मुख्याध्यापिका : अहो, सुटलेली जागा रांगेतल्या पहिल्याला जाते. तेलही जाईल, तूपही जाईल.

मावशी : ...मग दोघींना तिकडेच घालते. हात धरून जातील. द्या लेकीचा दाखला.

मुख्याध्यापिका : भलतंच काय! गणितात तिचा हात धरणारं कुणी नाही इथे. तिकडे एकच मास्तर सगळी शाळा हाकतो.

मावशी : कळतंय सगळं. पण हिला एकटीला धाडलं, तर परत कुणीतरी टाकून गेलं असंच वाटेल हिला.

मुख्याध्यापिका : लेकीला विचारलंत?

मावशी : कुठल्या तोंडानं विचारू?

मुख्याध्यापिका : थांबा, मी विचारते. शिपाईमामा, यांच्या लेकीला बोलवा जरा.

(लेक दारात येते.)

मुख्याध्यापिका : ये बाळ. अगं, दप्तर कशाला आणलंस? शाळा सुटायची आहे अजून.

लेक : जागा मिळाली असती तर तुम्ही हिला आत पाठवलं असतं, बाई. मला बाहेर बोलावलंत.

मावशी : अगं, तुझ्या मैत्रिणी... तुझं गणित...

लेक : आई, रडू नकोस ना. तुझं बघून हिचाही ओठ थरथरतोय. ये गं इकडे. हात दे. गाड्यांच्या बाजूनं मी चालणार, तू आतून.

मुख्याध्यापिका : थोडं थांबता का? मी वर बोलून बघते.

मावशी : होईल काही?

मुख्याध्यापिका : ...नाही वाटत.

लेक : बाई, माझ्या जागी जी येईल ना, तिला सांगाल? बाकाचा खिळा वर आलाय. जपून बस म्हणावं.