गायीनं नाकारलेली पेंढी

आमच्या घरात आबा-अक्कांचा, म्हणजे माझ्या आजी-आजोबांचा, एक नियम आहे आणि तो का, हे कधी विचारायचं नाही. दर सोमवारी महादेवाच्या देवळाबाहेर बांधलेल्या गायीला लसूणघासाची पेंढी चारायचीच. वडिलांचं कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटलं, घरातलं दूध निम्म्यावर आलं, तरी पेंढी चालूच. बंद झालं ते माझ्या सशांचं खाणं. बाजार उठला की मी कोबीची टाकलेली पानं वेचून आणायचे. मग मादी व्याली आणि तेवढ्यानं भागेना. तिला दूध येईना. चार पिल्लांतलं एक मेलं.

त्या सोमवारी मी पिंजऱ्यात घास टाकत होते, तेवढ्यात आबा आले.

"हाई पेंढी कोठली वं?"

"गायीची."

"गायना घास सशासले? पाप शे हाई!"

अक्का आतून ओरडली, "उद्याच त्यासले यावलना जंगलमा सोडी ये!"

"नाही सोडणार," मी म्हणाले. "आबा, सकाळी मी तुमच्या मागेच उभी होते. गायीपुढे पेंढ्यांचा ढीग पडला होता. तुमची पेंढी तिनं नुसती हुंगली आणि तोंड फिरवलं. तुम्ही ती तिथंच ठेवलीत, हात जोडलेत आणि निघालात. तीच मी उचलून आणली. पुढच्या सोमवारीही आणणार."

आबांनी पिंजऱ्यातल्या घासाला हात लावला नाही. अक्का बाहेर आली आणि उरलेल्या तीन पिल्लांकडे बघत उभी राहिली. मादी तेवढी घाईघाईनं खात होती.