पडद्याला ऊन लागू देऊ नका

आता तुमीच सांगा, सेलूत राहून, भर एप्रिलात, मावळतीकडच्या खिडकीला ऊन लागू द्यायचं न्हाई, हे काय खायचं काम हाय का? पण आमच्या रुख्मिणीनं सांगितलं ना! परभणीच्या दवाखान्यात जायला जीप दारात उभी, मी तिला धरून बसवायलोय, तिला धड श्वास घेता येईना, अन् बाई सांगायली काय? "अहो, पडद्याला ऊन लागू देऊ नका, बरं का!" गॅसची काळजी न्हाई, कुलपाची न्हाई, पडद्याची! अन् गेली ती गेलीच हो... ऐन दिवाळीत. पडदा राहिला.

पडदा म्हणजे, तुमाला सांगतो, तिच्याच एका झिरझिरीत आकाशी साडीचा, हातानं शिवलेला, काठाला पांढऱ्या दोऱ्यानं पिंपळाची पानं भरलेली. सतरा पानं पुरी, अठरावं अर्धं. त्या अर्ध्या पानात तिची सुई अजून तशीच खोचलेली! काढायची हिंमत हाय का कुणाची?

तर उन्हाळा लागला अन् बघतो तर कडेचा रंग उडायलाय! जीव नुस्ता टांगणीला. लेकीला, सुकेशनीला, पुण्याला फोन लावला. "पप्पा, मग काढून पेटीत ठेवा ना!" अगं, पेटीत ठेवायला शिवला होता का तिनं? दारातून आत आलं की समोर दिसायला पायजे तो! मग बाहेरून पुठ्ठा लावला, तो शेळीनं खाल्ला. चटई बांधली, ती वाऱ्यानं पार रस्त्यावर. शेवटी आमचे भगवानराव, रोज चहाला येणारे, ज्यांना जगातलं सगळं कळतं, ते म्हणले, "सिताराम, येड्या, वलं पोतं टांग की खिडकीला! ऊन बी न्हाई अन् वारं बी गार!"

पटलं की हो! मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून, पोतं आणलं, बादलीत बुचकळलं, टांगलं, अन् आडवा झालो. हळदीचा वास आला ना मला! आला! पण मला वाटलं, शेजारच्या सुलाबाई भाजी फोडणीला टाकायल्यात... उठून बघतो तर पोतंच हळदीचं, अन् वाऱ्यानं गजांतून आत येऊन पडद्याला चिकटलेलं! निम्मा पडदा पिवळाजर्द!

रडलो. लपवायचं काय त्यात? ती गेली तवा पाहुण्यांच्या गर्दीत रडू आलं न्हाई, ते त्या दिवशी आलं. सुलाबाई पळत आल्या. मी साबण घेऊन बसलेलो. "भाऊ, साबण न्हाई! लाल होतंय ते! उन्हात टाका. हळद उन्हानंच जाती, एवढं बी म्हाईत न्हाई?"

कसं म्हाईत असणार हो? चाळीस वर्षं सदऱ्यावर वरण सांडलं, दोन दिवसांनी सदरा पांढराशुभ्र हातात... मी कधी विचारलं का, कसं जातंय म्हणून? अन् आता तिचं वाक्य कानात, पडद्याला ऊन लागू देऊ नका, अन् इलाज काय? तर ऊन!

टाकला. भर दुपारी अंगणातल्या दोरीवर. सुई खोचलेलं टोक तेवढं रुख्मिणीच्या छत्रीखाली धरून मी उभा. "अहो भाऊ, छत्री सोताच्या डोक्यावर धरा, तुमाला काय झालं तर?" मला काय होतंय! मला सांगून गेली का ती, तुमाला ऊन लागू देऊ नका म्हणून? पडद्याचं सांगितलं!

तीन दिवसांत हळद गेली. बिलकूल गेली. अन् तिच्यामागं आकाशी रंग बी गेला. छत्रीखालचं अर्धं पान तेवढं आकाशीवर राहिलंय, बाकी सतरा पानं पांढऱ्यावर पांढरी... हात फिरवला तरच लागतात.

टांगलाय परत. रोज खिडकीपाशी जातो, म्हणतो, बघ गं, लागू दिलं मी ऊन, तीन दिवस दिलं, बोल आता काय बोलायचं ते! एवढी मोठी चूक केली हो, अन् घरात रागवायला माणूस न्हाई. शेवटी सुलाबाईंना म्हणलं, बाई, तुमी तरी रागवा. रागावल्या बिचाऱ्या, चांगलं कमरेवर हात ठेवून रागावल्या...

पण त्यांना तितकं जमत न्हाई.