पलंगाची खालची बाजू

(सॅम्पल फ्लॅटमधली झोपायची खोली. दुपारचा एक वाजून गेलेला. पलंग उलटा करून दोन ठोकळ्यांवर ठेवलेला आहे.)

काका: अगं, तू आत्ताच कशाला आलीस? चार वाजता ये म्हटलं होतं ना.

मुलगी: तीनला मला इथेच यायचंय, काका. गृहनिर्माण खात्याचे साहेब येणार आहेत. म्हटलं, त्याआधी बाबांची पेटी घरी नेऊन ठेवावी.

काका: पेटी ती काय, दारामागे. करवती, रंधे, पटाशा, सगळं पुसून ठेवलंय. उचल आणि जा. आई एकटी असेल.

मुलगी: एकटी नाही. शिवणवाल्या मावशी बसल्यात तिच्याजवळ. कालपासून तिसऱ्यांदा तेच सांगतायत. तुमच्या ह्यांनी आमचा पलंग कापून बेतात बसवून दिला, वर चहासुद्धा घेतला नाही.

काका: खरंच आहे ते.

मुलगी: आमच्या बिल्डिंगमध्ये किती पलंग कापले त्यांनी, माहितीये?

काका: मोजतंय कोण. चौदा-पंधरा असतील.

मुलगी: एकोणीस. ते गेले त्या दिवशी लोक जिन्यात उभे राहून एकमेकांना सांगत होते, आमचा कापला, आमचाही कापला. मी मोजत होते. दुसरं काही सुचत नव्हतं.

काका: हं.

मुलगी: हा उलटा का केलाय?

काका: न्यायचाय. कंपनीची नवीन साइट निघालीय. तिथल्या सॅम्पल फ्लॅटला हेच सामान जाणार. दोन वाजता टेम्पो येतोय.

मुलगी: साहेब तीनला येणार आणि सामान दोनला जाणार.

काका: मला सांगितलं तेवढं मी करतो बाई. मी साधा पॉलिशवाला.

मुलगी: मग पॉलिशवाला खालच्या बाजूला पॉलिशपेपर का घासतोय? तिथे कोण बघायला जातं?

काका: खरखरीत लागत होती हाताला.

मुलगी: जरा बाजूला व्हा.

काका: भुसा आहे गं, कपडे खराब होतील.

मुलगी: होऊ देत. व्हा बाजूला.

काका: ऐकणार नाहीस तू. बापावर गेलीस.

मुलगी: हे बाबांचं अक्षर आहे.

काका: असणारच. पलंग त्यानंच केलाय. सुतार पेन्सिलनं माप टाकतो आणि कापतो. कुठलंही लाकूड उलटं करून बघ.

मुलगी: सुतार एक माप टाकतो. इथे दोन आहेत. 'दाखवायचा, पाच फूट चार इंच. खरा, सहा फूट तीन इंच.' पाचाची शेपटी बघा, केवढी लांब. माझ्या वह्यांवर नाव आणि इयत्ता घालून द्यायचे, तेव्हाही अशीच काढायचे. पाचवीच्या वर्षी सगळ्या वह्यांना शेपट्या होत्या.

काका: माणूस गेला, आणि तू शेपट्या घेऊन बसलीस.

मुलगी: रुंदीचं माप कुठाय? इथे नुसता पांढरा डाग आहे.

काका: ते गेलं घासण्यात. लांबीचं घ्यायला लागलो तर तू आलीस.

मुलगी: कपाटालाही लिहिलंय?

काका: मागच्या फळीवर. कपाट सोळा इंच खोल. खरं बावीस. टेबलाखालीसुद्धा आहे. झालं समाधान?

मुलगी: खोली नऊ फूट. बाजारातला पलंग आणि बाजारातलं कपाट ठेवलं की मध्ये उरतात अकरा इंच. कपाटाचं दार दीड फुटाचं. आठ महिने झाले राहायला येऊन, सगळ्या बिल्डिंगमध्ये बायका फटीतून हात घालून कपडे ओढतायत. आणि इथे दार सताड उघडून समोर उभं राहता येत होतं.

काका: इंटिरिअरवाल्या बाईंचं डोकं ते. कागद घेऊन आल्या, त्यावर सगळी मापं. तुझा बाप म्हणाला, बाई, यात चूक झालीय, एवढ्याशा पलंगावर माणूस झोपायचा कसा? त्या म्हणाल्या, झोपायचं नाहीये मिस्त्री, बघायचंय.

मुलगी: बाबा काय म्हणाले?

काका: काय म्हणणार. मापाचा पट्टा काढला आणि लागला कामाला. त्या वर्षी आम्हा दोघांच्या हाताला काम नव्हतं. आणि तेव्हा त्याला काय स्वप्न पडलं होतं का, की ह्याच बिल्डिंगच्या सोडतीत तुमचा नंबर लागेल?

मुलगी: लागल्यावर तर कळलं होतं. एका रविवारी आम्हाला दाखवायला घेऊन आले. आई ह्याच पलंगावर बसली. म्हणाली, अहो, केवढी मोकळी खोली आहे. तर बाबा म्हणाले, मी पाणी पिऊन येतो. अर्धा तास झाला तरी आले नाहीत.

काका: खाली माझ्याकडे आला होता. नळ सोडून नुसता उभा. मी म्हटलं, अरे, पाणी वाया जातंय. तेव्हा कुठे बंद केला.

मुलगी: आम्हाला का सांगितलं नाही?

काका: सांगून काय केलं असतंत? घर सोडलं असतंत? दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत किती वर्षं काढली तुम्ही? त्यानं आपल्या परीनं सांगितलं लोकांना. दारोदार जाऊन म्हणायचा, पलंग घ्यायची घाई करू नका, आधी खोलीचं माप घ्या. लोकांना वाटलं, सुतार धंदा शोधतोय. शिवणवाल्या बाई तर तोंडावर म्हणाल्या, आम्हाला दुकानातलाच हवा, हातचा नको. आणि महिन्याभरानं त्यांचाच पहिला कापला.

मुलगी: आमच्या घरात पलंगच नाही. तीनदा माप घेतलं त्यांनी. तिन्ही वेळा पट्टा गुंडाळून खिशात टाकला. आई म्हणायची, अहो, सगळ्या जगाचे पलंग करता, आपला कधी? ते गेले ते जमिनीवरच्या गादीवरून गेले, काका.

काका: माहितीये मला. मीच होतो उचलायला.

मुलगी: हो. तुम्हीच होतात.

काका: ऐक माझं. कागदावर कंपनीनं एक इंच कमी दिलेला नाही. सरकारची जमीन, कंपनीनं बांधायचं. बाकीच्या बिल्डिंगा त्यांनी विकायच्या, एक आपल्यासारख्यांना कमी किमतीत द्यायची. असं ठरलं होतं. नऊ फूट लिहिलं, नऊ फूट दिलं. तुम्ही भांडून काय मिळवणार?

मुलगी: दोन फूट. मागची भिंत सरकवून द्या, एवढंच मागतोय आम्ही. पलीकडे अरुंद गॅलरी आहे, तिथे धड उभंही राहता येत नाही. तेवढी खोलीत घेतली तर सगळ्यांची कपाटं उघडतील.

काका: मग साहेबांना ते सांगा. त्यासाठी हे अक्षर कशाला?

मुलगी: कारण कंपनीनं लिहून दिलंय, सॅम्पलमधलं सामान बाजारात मिळतं त्याच मापाचं होतं, लोकांनीच मोठं आणून कोंबलं. आमचा अर्ज मी लिहिला होता. ग्रंथालयात काम करते म्हणून सगळे म्हणाले, तूच लिही. मी लिहिलं, 'फर्निचर मुद्दाम लहान केलं असावं असा आमचा संशय आहे.' बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, संशय कशाला लिहितेस? मी म्हटलं, पुरावा नाही, तर दुसरं काय लिहू? त्यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, पाठ दुखतेय.

काका: दुखतही असेल. पाठ होतीच त्याची तशी.

मुलगी: असेल.

काका: पोरी, आज त्या जिन्यात लोक त्याला देवमाणूस म्हणतात. तू हे दाखवलंस की काय म्हणतील? ह्यानंच आधी फसवलं आणि मग फुकट कापत बसला. म्हणतील ना?

मुलगी: म्हणतील.

काका: त्याला जाऊन दीड महिना नाही झाला. तुझ्या आईनं त्या जिन्यातून खाली-वर करायचंय अजून. मी काय हे स्वतःसाठी घासत होतो? माझं नाव कुठे आहे त्यावर?

मुलगी: तुमच्यावर रागावले नाहीये मी.

काका: रागाव. बरं वाटेल मला.

मुलगी: त्यांनी दोन मापं का लिहिली असतील? कापायला एक पुरलं असतं.

काका: विचारलं होतं मी. म्हटलं, बाबा रे, हे कोणासाठी लिहितोयस? तर म्हणाला, उद्या कोणी पलंग उलटा केला तर त्याला वाटायला नको, की सुताराचं माप चुकलं.

मुलगी: म्हणजे लबाड म्हटलं तर चालेल, अडाणी म्हणायला नको.

काका: तसाच होता तो. हसतेस काय?

मुलगी: दीड महिन्यात पहिल्यांदा ते बोलल्यासारखं वाटलं.

काका: हं. शेवटी घरी आणला त्याआधी दवाखान्यातही त्याला हाच पलंग आठवत होता. म्हणाला, अजून कोणी उलटा केला नाही ना रे? मी म्हटलं, नाही, निवांत झोप. आता मला कळत नाही, त्याला केलेला हवा होता की नको होता.

मुलगी: नवीन साइटवर किती घरं आहेत?

काका: दोनशे चाळीस म्हणतात. आपल्यासारख्यांचीच.

मुलगी: तिथे पलंग कापायला कोण जाणार?

काका: असं विचारू नकोस.

मुलगी: तुमचे गुडघे दुखतात. बाबा नाहीत.

काका: विचारू नकोस म्हटलं ना. गप, मॅनेजर येतोय. बुटांचा आवाज त्याचाच.

मॅनेजर: मिस्त्री, झालं का? टेम्पो निघालाय तिकडून. अरे, ताई, तुम्ही? तुमच्या बाबांचं कळलं. फार वाईट वाटलं. ह्या फ्लॅटला आलेला प्रत्येक माणूस म्हणायचा, सुतारकाम काय सुंदर आहे.

मुलगी: तुम्ही किती लोकांना दाखवलात हा फ्लॅट?

मॅनेजर: हजाराच्या वर असतील. पाठ झालंय सगळं. इथे पलंग, इथे कपाट, इथे मुलांचं टेबल, तरी बघा किती जागा उरते.

मुलगी: ह्या पलंगावर कधी पडून बघितलंत?

मॅनेजर: आम्हाला बसायचीही परवानगी नाही, ताई. चादर चुरगळते. खरं सांगायचं तर मी स्वतः अजून भाड्याच्या घरात आहे. मला काही विचारू नका, वरून फोन येतो तसं मी करतो. मिस्त्री, दोनच्या आत गाडीत चढलं पाहिजे हे.

काका: दोनला नाही जमायचं साहेब.

मॅनेजर: का?

काका: पॉलिश ओलं आहे. पाय, बाजूच्या फळ्या, कपाटाची दारं. आत्ता हात लावला तर ठसे उठतील. साडेचारपर्यंत सोडावं लागेल.

मॅनेजर: आज कोणी सांगितलं होतं पॉलिश लावायला?

काका: तुम्हीच. नवीन साइटवर नव्यासारखं दिसलं पाहिजे म्हणालात. मी आपला सांगितल्याप्रमाणे करतो. न्यायचं तर न्या, पण वरच्यांनी विचारलं तर बोटांचे ठसे कोणाचे ते तुम्ही सांगा.

मॅनेजर: तुम्ही म्हणजे ना, मिस्त्री. तीनला ते सरकारी साहेब येतायत, त्याआधी इथं रिकामं हवं होतं.

काका: मग त्यांनाही सांगतो, हात लावू नका म्हणून.

मॅनेजर: थांबा. मी खाली जाऊन फोन करतो. टेम्पोवाला आता माझं डोकं खाणार.

मुलगी: गेला. काका, कुठलीच फळी ओली नाहीये.

काका: ते मला कळत नाही का? बोलून बसलोय, आता लावलंच पाहिजे. तो डबा सरकव इकडे. आणि ते मऊ फडकं. आधी पाय घेतो, मग बाजू. पलंग उलटाच राहू दे.

मुलगी: आणि खालची बाजू?

काका: तिला काही लावत नाही. पेन्सिलवर पॉलिश बसलं की काळं पडतं, वाचता येत नाही. कपाट मात्र तुला मागून दाखवावं लागेल, भिंतीपासून मी ओढून ठेवतो. साहेबांनी विचारलं, हे कोणी लिहिलंय, तर?

मुलगी: मी सांगेन. त्यासाठी तुम्हाला बोलावणार नाही.

काका: मला बोलाव. पेपर मी घासला, हे मीच सांगायला हवं. तुझी आई?

मुलगी: आत्ता वर जाते. तिला आधी माझ्याकडून कळलं पाहिजे, मग मावशींना. तिला ते पाणी प्यायला गेले होते तेही सांगते.

काका: एवढं सगळं एका दुपारी?

मुलगी: हळूहळू सांगितलं तर ती मध्येच थांबवेल मला.

काका: बरं. पेटी राहू दे इथेच, जड आहे. संध्याकाळी मी घेऊन येतो. पट्टा तेवढा ने, साहेबांसमोर लागेल.

मुलगी: पट्टा गुंडाळलेलाच आहे अजून. त्यांनी शेवटचा गुंडाळला तसाच.

काका: मग माझा घे.

मुलगी: नाही. हाच नेते.

काका: खरं सांग, भिंत सरकेल असं वाटतं तुला?

मुलगी: नाही. वर्ष-दीड वर्ष फाइल फिरेल. मग कोणीतरी म्हणेल, बघू.

काका: मग कपाटाचं दार तसंच राहणार.

मुलगी: म्हणून तुम्हाला एक काम सांगायचंय. आईसाठी पलंग करून द्या. तिची उंची पाच फूट, तिला पाच फूट आठ इंचाचा पुरेल आणि कपाटही उघडेल.

काका: मी पॉलिशवाला आहे गं. सुतारकाम त्याच्यासारखं नाही जमायचं मला. एखादा पाय हलेल.

मुलगी: हलू दे. फक्त खाली एकच माप लिहा.