चाल सोनूची, भजन आमचं

चहा घ्या अन् आमच्या सोनूचं आयका. पोरगी अकरावीत, पण फिजिक्समध्ये मार्क कमी पडले तरी गाणं करते अन् मैत्रीण रुसली तरी गाणं करते. मागं एक रडकं गाणं दिवसभर गुणगुणे. चाल अशी गोड का मले पोळ्या लाटता लाटता पाठ झाली. आमच्या भजनी मंडळाले नवी चाल पाह्यजेच होती. मी तिच्यावर गजानन महाराजाचे शब्द बसवले अन् गुरुवारी देशमुखबाईच्या घरी म्हटलं. बाया डोलू लागल्या. देशमुखबाईचा पोरगा आदित्य चहा घेऊन आला, तो दारातच थबकला.

"काकू, ही चाल कोणाची?"

"आमच्या सोनूची. तुह्याच वर्गात आहे ना ते?"

पोरगा चहा तसाच ठेवून आत पळाला.

घरी येऊन सांगितलं, तं सोनूनं कपाळावर हात मारला. "आई, त्यानं मले सोडलं, त्याच्यावर आहे ते गाणं. त्याले पाठवलं होतं मी."

मी पदर तोंडाले लावला. मंग सोनूनं इचारलं, "त्याच्या आईले आवडली का चाल?"

"लय. रोज सकाळी पूजेले म्हणीन म्हणे."

तवा कुठं पोरगी हसली. "मंग त्याईले सांग, जरा मोठ्यानं म्हणा."