सहाय्यता केंद्रातली खुर्ची

...आणि वर मलाच विचारतात हो, "काका, तुमची जेवणाची सुट्टी किती ते किती?" माझी! अहो, मी तिथला नोकर नाही, शिपाई नाही, विद्यार्थी तर जन्मात नव्हतो! तुम्हाला सांगतो, मी श्रीनिवास, दहावी पास, औरंगपुऱ्यात माझं बाइंडिंगचं दुकान. तेवीस वर्षांत पीएचडीचे शेकडो प्रबंध बांधले, त्यांच्यावर सोनेरी अक्षरं ठोकली, पण विद्यापीठात पाऊल टाकलं ते गेल्या महिन्यात, एका मंगळवारी. आणि त्याच शुक्रवारपर्यंत लोक मला तिथला सगळ्यात जुना माणूस समजायला लागले! तक्रार नाही हं माझी. नोंद आहे फक्त.

झालं काय... आमची भानुमती बावीस वर्षं शाळेत शिकवते. मुख्याध्यापक निवृत्त झाले, आणि ज्येष्ठतेत पहिला नंबर हिचा. तर संस्था म्हणते, तुमची बी.एड.ची पदवी खरी आहे असं विद्यापीठाचं पडताळणी पत्र शनिवारी सकाळी टेबलावर ठेवा, नाहीतर दोन नंबरच्या बाईंना पद देऊ. म्हणजे बावीस वर्षं पोरांना शिकवलं तेव्हा पदवी खरी होती, आणि खुर्ची द्यायची म्हटल्यावर शंका आली! शाळेत परीक्षा चालू, हिला रजा नाही. मग मी छाती काढून म्हणालो, "त्यात काय? एका दिवसात आणतो." ती म्हणाली, "अहो, हे त्या डायरीत लिहून ठेवा." लिहिलं. मी सगळंच लिहितो, वेळेसकट.

मंगळवार, सव्वाबारा. आत शिरल्याशिरल्या हा एवढा मोठा बोर्ड... 'विद्यार्थी सहाय्यता केंद्र. विद्यार्थी, प्राध्यापक, माजी विद्यार्थी, सर्वांना एकाच ठिकाणी मदत.' बोर्डाखाली टेबल, टेबलामागं खुर्ची, खुर्चीवर पंखा गरागरा फिरतोय, आणि खुर्चीत कोणी नाही! शेजारी स्टुलावर कचरू शिपाई. मी विचारलं, "इथले साहेब?"

"सांडूभाऊ व्हय? आत्ताच गेलेत चहाला."

"आत्ता म्हणजे कधी?"

"आत्ताच की. दहाला."

मी डायरी काढली आणि निघालो एकटाच. पडताळणी कक्ष कुठं? सात नंबर. तिथला हिमांशू, पोरगा भला, मान वर न करता म्हणतो, "दहा वर्षांपूर्वी पास झालेल्यांना माजी विद्यार्थी संघटनेचा शिक्का लागतो." संघटना कुठं? कँटीनच्या मागं, लोखंडी जिना चढून, उघडी फक्त अकरा ते एक. मी पोचलो एक वाजून चार मिनिटांनी! मालनबाई कुलूप लावतायत. म्हणाल्या, "चार मिनिटांसाठी उघडलं तर सगळेच येतेत ओ." सगळे म्हणजे कोण? जिन्यावर मी आणि एक मांजर! मग बारा नंबर, तिथं जुन्या निकालांची नोंदवही. बारा नंबरवाले म्हणतात निळ्या शाईनंच भरा, सात नंबरवाले म्हणतात काळीच पाहिजे, आणि सात नंबरला कागद पिनेनं जोडलेले चालत नाहीत, दोरा ओवून लागतात. दोरा! तेवढ्यापुरता मी खूश झालो, माझाच धंदा तो. संध्याकाळपर्यंत डायरीची नऊ पानं भरली... कुठल्या खोलीत काय लागतं, कोण किती वाजता उठतो, परत येतो का. तक्रार नाही. नोंद आहे फक्त.

बुधवारी अकराला हजर. मालनबाईंचा शिक्का आहे, शाईचा पॅड सुकलाय! "नवा मागवलाय, साडेबाराला या." म्हटलं बरं. पाय दुखत होते, केंद्रातली खुर्ची रिकामीच होती, जरा टेकलो, डायरी उघडली... आणि तिथंच चुकलं बघा माझं! समोर एक मुलगी, वेरूळहून आलेली, राजनंदिनी नाव, डोळ्यांत पाणी. "काका, तीन खेपा झाल्या, रोज वेगळंच सांगत्यात. पडताळणीला नेमकं काय काय लागतंय?" आता डायरीत सगळं लिहिलेलं असताना कसं म्हणणार की बाई, मला माहीत नाही? सांगितलं. कागद लावून दिले. दोरासुद्धा ओवून दिला, खिशात होता. ती गेली आणि अर्ध्या तासात पोच घेऊन परत आली, ती चार मैत्रिणींना घेऊनच! त्यांच्यामागं अजून सहा. मागून एक छावणी भागातला पोरगा ओरडतोय, "ये लाइन किसकी है रे?" पुढचा सांगतो, "चचा की! चचा कू सब मालूम है, सीधा खडा रह!"

त्या रांगेत मिहिर सर. प्राध्यापक, तिथंच एकोणीस वर्षं शिकवतायत, त्यांनाही बढतीसाठी आपली पदवी पडताळून पाहिजे. खाली वाकून हळूच विचारतात, "सात नंबर खोली नेमकी कोणत्या अंगाला हो?" मी नकाशा काढून दिला!

आणि माझा शिक्का? मिळाला, पण गुरुवारी. कारण बुधवारी मालनबाई एकला कुलूप लावून गेल्या तेव्हा मी एकाचं प्रतिज्ञापत्र वाचत होतो. गुरुवारी साडेबाराला सांडूभाऊ स्वतः आले. मी म्हटलं, आता उठवतोय हा आपल्याला, चला सुटलो. ताडकन उभा राहिलो. त्यांनी रांग पाहिली, टेबल पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "बसा बसा, चालू द्या. मी जरा चहा घेऊन येतो."

रांग संपली तेव्हा सात नंबर बंद झालेलं. घरी गेलो. भानुमतीनं विचारलं, "आणलं?" मी मोठ्या उत्साहात, "अगं, दोन दिवसांत त्रेसष्ट जणांचे अर्ज लावून दिले!"

"आणि माझा?"

"तो... उद्या पहिला."

तिनं शनिवारसाठी हिरवी साडी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकली होती. ती उचलली, घडी घातली आणि परत कपाटात ठेवली. भांडली असती ना, तर परवडलं असतं हो.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला मी सात नंबरला. अर्ज बिनचूक, शाई काळी, दोरा रेशमी. हिमांशूनं टोकन दिलं... चौसष्ट! "अहो, पण दहाच वाजलेत!" तर म्हणाला, "काका, दोन दिवसांचे त्रेसष्ट पडून आहेत ना." तेवढ्यात आतून कक्षाधिकारी, चारुता मॅडम, ताडताड बाहेर. "कोण आहे तो डायरीवाला?"

मी हात वर केला. शाळेतल्यासारखा.

"तुम्ही काय करून ठेवलंय कळतंय का? आमच्याकडं दिवसाला तीस अर्ज येतात. त्यातले वीस-बावीस त्रुटीत निघतात, ते परत जातात, उरलेले आठ-दहा आम्ही आरामात करतो. इतकी वर्षं सुरळीत चाललंय! आणि गेल्या दोन दिवसांत एक अर्ज परत पाठवता आला नाही आम्हाला. एक नाही! सगळे पूर्ण! दोराही ओवलेला! सोमवारनंतर या."

तुम्हाला सांगतो, मी बाकावर बसलो. म्हणजे मीच लोकांना शहाणं केलं, आणि त्या शहाण्यांच्या ढिगाखाली माझी बायको! नोंद करायला पेन उघडलं, आणि टोपण परत लावलं.

राजनंदिनी तिथंच होती, तिचं पत्र मिळायचं होतं. तिनं विचारलं, मी सांगितलं. झालं! "काकांचं पहिलं व्हायला पाहिजे, आमचं सोमवारी झालं तरी चालतंय!" सगळी रांग, "हो, हो!" चारुता मॅडम म्हणाल्या, "असा क्रम बदलता येत नाही. पुढच्या सगळ्यांचं लेखी संमतीपत्र लागेल. त्रेसष्टच्या त्रेसष्ट सह्या." म्हणून दार लावून घेतलं.

संमतीपत्राचा नमुना कुणाला माहीत? मलाच! डायरीचं पान सहा! मी मजकूर सांगितला, राजनंदिनीनं लिहिला, मोबाइलवर सगळ्यांना निरोप गेले. कँटीनमधून आले, वाचनालयातून आले, तो छावणीचा पोरगा स्कूटीवर दोघांना घालून घेऊन आला, "चचा, टेन्शन नक्को!" चार वाजता बासष्ट सह्या. राहिलं कोण? मिहिर सर! ते तासावर. कचरू पळत गेला, त्यांना वर्गातून उठवून आणलं, खडूच्या हातानं त्यांनी सही केली. चार वाजून बावीस मिनिटं. मॅडमनी कागद उलटापालटा करून पाहिला, त्रुटी शोधली, सापडेना... शेवटी हसल्या हो! "द्या तो अर्ज." पाच वाजून दहा मिनिटांनी पत्र माझ्या हातात. सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तक्रार नाही, नोंद आहे फक्त... खाली दोन रेघा ओढल्यात तेवढ्या.

शनिवारी सकाळी हिरवी साडी, पत्र संस्थेच्या टेबलावर. सचिवांनी चष्मा लावून वाचलं, आणि भानुमती मुख्याध्यापिका! पण प्रभारी. प्रभारी का? तर हे पडताळणीचं पत्र खरं आहे की नाही, याची पडताळणी करायला संस्थेनं ते परत विद्यापीठाला पाठवलंय! सचिव मला म्हणतात, "तुमची तिथं ओळख आहे म्हणे. जरा पाठपुरावा करा."

तेव्हा हल्ली आम्ही दोघं रोज साडेनऊला डबे घेऊन एकत्रच बाहेर पडतो. ती शाळेत, मी विद्यापीठात. फरक एवढाच, की तिच्या नोकरीला निवृत्तीची तारीख आहे.