अंटार्क्टिकाला साडेसहा, जयवंताला सात

बसा मंडळी, बसा! मागच्यांनी पुढे सरका. खांबाला टेकलेल्यांनी टेकूनच राहा, पण डोळे उघडे ठेवा! नृसिंहाला नमस्कार झाला, गुरूंना झाला, तुम्हालाही झाला. आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारते. रागानं विचारते, आधीच सांगून ठेवते! आज माझा सूर चढा लागणार आहे, पेटीवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न असा — चांगल्याला चांगलं म्हणताना आपल्या जिभेला होतं काय?

हसू नका! आमटीत मीठ जास्त पडलं, तर शेजारच्या आळीला कळेल एवढ्या मोठ्यानं आपण ओरडतो. आणि नेमकं पडलं तर? तर मान खाली घालून दोन वाट्या ओरपायच्या, हात धुवायचे आणि म्हणायचं — "बरी होती." बरी! अहो, तापातून उठलेला माणूस बरा असतो! आमटी बरी कशी असेल?

आजचं आख्यान पुराणातलं नाही. ज्यांच्या हातून हे घडलं, त्यांनीच मला ठाण्यातल्या एका कीर्तनानंतर गाठून सांगितलं. म्हणाले, "ताई, माझं नाव घालून सांगा. गाळू नका." म्हणून घालते. नाव श्रीपाद खांबेटे. इंजिनिअरिंग कॉलेजात चौतीस वर्षं प्राध्यापक. वय त्र्याहत्तर. आणि छंद कसला? जहाजांचा! क्रूझ म्हणतात ना, ती. चौदा सफरी झाल्या या माणसाच्या. आपण इथून महाबळेश्वरला निघालो तरी तीनदा कुलूप ओढून बघतो!

चौदा सफरी केल्या म्हणजे मतं आलीच. ज्येष्ठ नागरिक संघात त्यांची व्याख्यानं व्हायची. पडद्यावर फोटो, हातात काठी, आणि सर बोलतायत — "आलिशान क्रूझ म्हणजे काय? समुद्रावर तरंगणारं मंगल कार्यालय! चौदा मजले, अकरा लिफ्ट, दिवसातून सहा वेळा खाणं. बंदर आलं की चार तास खाली उतरायचं, फ्रिजवर चिकटवायचं चुंबक विकत घ्यायचं आणि जेवणाच्या वेळेला परत. समुद्र बघायला आलेली माणसं समुद्राकडे पाठ करून आइस्क्रीमच्या रांगेत उभी! पाच गुण. दहापैकी पाच!"

तर गुण द्यायची सरांना सवय. हाडाचे परीक्षक! नॉर्वेच्या खाड्या — सहा. ग्रीसची बेटं — साडेपाच, कारण चहा गार होता. अहो, बेटांनी केला होता का चहा?

आणि मग म्हणायचे, "खरा प्रवास म्हणजे एक्सपिडिशन. मोहिमेचं जहाज! शंभर-सव्वाशे माणसं, नाच नाही, जुगार नाही. रोज शास्त्रज्ञांची व्याख्यानं. किनाऱ्यावर उतरण्याआधी बूट धुऊन घ्यायचे, म्हणजे आपल्या पायाची घाण तिथल्या भूमीला लागू नये. पक्ष्यापासून पाच मीटर लांब राहायचं. वाऱ्यानं नको म्हटलं, तर उतरायचं नाही!"

मंडळी, हे मत मला पटलं. मनापासून पटलं! जिथे जातो तिथली जागा मोठी, आपण लहान, असं समजून पाऊल टाकायचं — ही तीर्थाला जायचीच रीत आहे. पण त्या भूमीला जपायचं आणि माणसाला? तिथेच घोडं अडलं!

तर चौदावी सफर अंटार्क्टिकाची. पृथ्वीचं अगदी खालचं टोक, नुसता बर्फ. सर आणि त्यांच्या पत्नी कुमुदताई. खोली दाखवायला समोर आला एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस. छातीवर पाटी — जयवंत कुबल.

कुमुदताईंनी विचारलं, "मराठी का हो?"

"होय बाई. देवगडचा. गाबीत आम्ही, मासेमारीवाले."

पृथ्वीच्या टोकाला देवगडचा माणूस! कुमुदताईंना माहेर भेटल्यासारखं झालं.

जयवंताचं काम काय? खोली झाडायची, चादरी बदलायच्या, संडास घासायचा. नऊ वर्षं हेच. आणि त्याची खोली कुठे? जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली. तिला खिडकी नाही! ज्याच्या बापानं, आजानं जन्म होडीत काढला, तो समुद्रावर असून समुद्र बघत नाही. या अशा जहाजांवर रबरी होड्या असतात. जहाज लांब उभं राहतं आणि होडीतून दहा-दहा माणसं किनाऱ्याला न्यायची. त्या होडीचं सुकाणू धरायचं, हे जयवंताचं एकच मागणं होतं देवाजवळ. दोनदा सुट्टीत येऊन त्याची परीक्षा दिली, पास झाला. कप्तान म्हणाला, "या सफरीतले पाहुणे खूश असले, तर पुढच्या मोसमात तुला होडीवर घेतो." बस्स! एवढंच त्याला हवं होतं. हे नीट ध्यानात धरा.

पुढे दोन दिवस खवळलेला समुद्र. कसला खवळलेला? कपाटातले कपडे स्वतःहून बाहेर येतायत! सरांच्या पोटात पाणी ठरेना. तेरा सफरींचा अनुभव बादलीत! जयवंत दर दोन तासांनी यायचा. बादली धुवायचा — तोंड वाकडं न करता. मुदपाकखान्यात जाऊन स्वतः गुरगुट्या भात शिजवून आणला, वर मीठ, लिंबू. एक-एक चमचा भरवला. म्हणाला, "सर, नजर लांब ठेवा. आकाश आणि पाणी जिथे भेटतं तिथे. पोट आपोआप बसतं. माझ्या बापानं शिकवलंय."

भात पोटात राहिला. तेव्हा सर काय म्हणाले? "जरा सैलसर झालाय."

अहो हसताय काय? घरोघरी हेच चालतं!

सरांचा गुडघा दुखरा. होडीतून उतरायची भीती, पण बोलायची चोरी. जयवंतानं ओळखलं. खोलीबाहेरच्या बोळात त्यांना उभं केलं. "सर, तळवा धरायचा नाही, तो निसटतो. तुम्ही माझं मनगट धरा, मी तुमचं धरतो. हां! आता एक पाय." दहा वेळा, वीस वेळा. एकाहत्तराव्या वर्षी माणसाला परत चालायला शिकवलं! तिसऱ्या दिवशी सर बर्फावर उतरले. सातवा खंड! आयुष्यभराचं स्वप्न! डोळ्यांत पाणी आलं. समोर बर्फाचा निळा डोंगर, हजारो पेंग्विन. आणि सरांनी खिशातली वही काढली. अंटार्क्टिका — साडेसहा!

साडेसहा! देवानं लाखो वर्षं खपून केलेला बर्फ, आणि आपले परीक्षक म्हणतायत, प्रथम वर्गाला अर्धा गुण जास्त! पेंग्विनांच्या रांगा वाकड्या होत्या म्हणून कापले असतील.

आता खरी गोष्ट. शेवटचा दिवस. प्रत्येक खोलीत एक कागद येतो. जेवण कसं, व्याख्यानं कशी, आणि खोलीवरचा माणूस कसा? दहापैकी गुण. या गुणांवर त्या माणसांची पुढची नेमणूक ठरते. नोकरांना पाहुण्यांकडे गुण मागायची सक्त मनाई! जयवंत चादर घालता घालता एवढंच म्हणाला, "सर, कागद भरताना... जरा बघा."

सरांचा पारा चढला! "कुबल, चौतीस वर्षांत माझ्याकडे कुणाचा वशिला चालला नाही. मंत्र्याच्या पुतण्याला नापास केलंय मी!"

बिचारा मान खाली घालून गेला. सरांच्या मनात साडेसात द्यायचे होते. वशिल्याबद्दल अर्धा कापला. लिहिले सात! आणि खाली शेरा — "समाधानकारक. सुधारणेस वाव आहे."

सुधारणेस वाव! मी विचारते, ज्यानं तुमची ओकारी धुतली, त्यानं आणखी काय सुधारायचं होतं? सांगा ना! बादलीला अत्तर लावायचं होतं?

माझी एक ओळ आहे, माझीच. संतांच्या पायाजवळ बसण्याची तिची लायकी नाही. तबलजी, धरा —

*गोड बोलायाला लागे न वजन ।*
*तरी का हे मन जड झाले ॥*

सर घरी आले. दीड वर्ष गेलं. आंब्याच्या दिवसांत कुमुदताईंनी हट्ट धरला, देवगडला जाऊ. तो जहाजावर असला तरी त्याच्या आई-वडिलांना भेटू, त्याच्याबरोबरचा फोटो देऊ. गेले. विचारत विचारत घर सापडलं. खळ्यात, म्हणजे अंगणात, आंब्यांच्या पेट्या रचलेल्या, आणि त्यांना खिळे ठोकत बसलेला कोण? जयवंत!

"अरे, तू इथे? जहाज?"

जयवंत उठला. हात पुसले. "बाई, बसा. सर, गुडघा कसा आहे?" मंडळी, पहिलं वाक्य गुडघ्याचं! "जहाज सोडलं मी. घराकडे कोणी नव्हतं ना." आणि सरबत आणायला आत गेला.

ओटीवर त्याचे वडील, बाबल कुबल, जाळं विणत होते. ऐंशीचे. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. "मास्तरांनू, झिलान माका शपथ घातल्यान हा, सांगू नको म्हणान. पण मी सांगतलंय. तुमी त्येका सात दिलास. थंय सात म्हणजे नापास."

सर हसले हो! म्हणाले, "आजोबा, गैरसमज होतोय. सात म्हणजे फार उत्तम. मी आयुष्यात आठ फक्त दोघांना दिलेत."

म्हातारा म्हणाला, "तुमच्या शाळेत आसतला. थंय नवाच्या खाली इलो, काय तक्रार धरतत. होडयेर बसाक मिळतला म्हणान नऊ वर्सां दुसऱ्यांचे संडास घासल्यान. होडी ऱ्हवली, आणि परत बोलवल्यानीच नाय."

समजलं ना? झील म्हणजे मुलगा. नवाच्या खाली गुण म्हणजे तिथे तक्रार. होडी तर गेलीच, नोकरीवरही परत बोलावलं नाही. कंपनीनं कागद दाखवला — पाहुण्याचा शेरा, सुधारणेस वाव आहे. ती परकी माणसं! त्यांना काय ठाऊक, आमच्याकडे याला कौतुक म्हणतात?

सरांनी तिथेच फोन काढून कंपनीला पत्र लिहिलं. भलंमोठं! बादली लिहिली, भात लिहिला, बोळ लिहिला. "या माणसाला दहापैकी दहा" — जन्मात पहिल्यांदा लिहिलं! आठ दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. मत एकदाच नोंदवता येतं.

पण त्या खळ्यात त्याआधी एक घडलं, ते सांगते. जयवंत सरबत घेऊन आला. सर उभे राहिले आणि म्हणाले, "जयवंता, तू माझ्यासाठी जे केलंस, ते माझ्या मुलानं केलं नसतं. तू तेव्हाही दहा होतास. मला माहीत होतं रे! मला तेव्हाही माहीत होतं!"

जयवंतानं सरबताचे पेले ओटीवर ठेवले. मग म्हणाला, "सर, हे तिथे बोलला असता... कागदावर नको होतं हो. माझ्याजवळ नुसतं बोलला असता, तरी मी ते घेऊन घरी आलो असतो. दीड वर्ष मी शोधतोय, माझं चुकलं काय?"

ऐकलंत? होडी गेल्याचं दुःख त्यानं गिळलं! पण दीड वर्ष एक चोख माणूस रोज आठवून बघत होता — चादर नीट नव्हती का? भात कच्चा होता का? हे पाप कुणाच्या खात्यावर? कंपनीच्या? नाही हो, आपल्या! आपल्या या कंजूष जिभेच्या!

परत येताना गाडीत कुमुदताई बोलल्या. पंचेचाळीस वर्षांचा संसार, बाई कधी आवाज चढवून बोलली नव्हती. "मला एकदा सांगाल? मला किती दिलेत?"

सर म्हणाले, "तुला? तुला कसले गुण! तू तर—"

"तर काय? बोला ना!"

घाट संपेपर्यंत त्यांना ते वाक्य पुरं करता आलं नाही. मला सांगताना ते रडले, ते इथेच.

गोड शेवट मागू नका माझ्याकडे. जयवंत आजही देवगडला पेट्यांना खिळे ठोकतो. रबरी होडी दुसरा कुणीतरी चालवतो.

आता तुमच्याकडे वळते! "डोक्यावर चढेल" म्हणून पोराला शाबासकी न देणारे बाप कोण बसलेत इथे? सुनेच्या हातचं चाटूनपुसून खाऊन "आमच्या वेळी वेगळं असायचं" म्हणणाऱ्या सासवा कोण? गप्प का? मघाशी तर खूप हसत होतात!

हे आरतीचं तबक. वाती तुपात भिजल्यात, काडीपेटी माझ्या हातात आहे. मी पेटवणार नाही! आधी शेजारी बसलंय त्याच्याकडे तोंड करा. बायको असेल, भाऊ असेल, दहा वर्षं बोलणं टाकलेली जाऊ असेल. तिचं एक चांगलं, जे तुम्हाला कधीपासून माहीत आहे, ते मोठ्यानं सांगा. पुरं वाक्य! "बरं" हा शब्द आज देवळात चालणार नाही.

देव उभा आहे, त्याला घाई नाही. मीही उभी आहे. बोला!