तिसऱ्यांदा विचारायचं असतं

(अ‍ॅरिझोनातलं मेसा गाव, जानेवारीतली सकाळ. लोर्नाच्या घरामागचा ओटा. तिचा थोरला भाऊ आर्विड कालच मिनेसोटाहून आलाय.)

लोर्ना : आणि आज आपल्या गावी किती आहे? शून्याखाली तीस! तू इथे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसलायस. आता तरी कबूल कर.

आर्विड : ऊन छान आहे. मी कुठे नाही म्हणतोय?

लोर्ना : बर्फ उपसायला नको, सकाळी गाडी सुरू होईल का ही धाकधूक नको. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा घोडा झालास. मार्चमध्ये घसरून पडलास तेव्हा...

आर्विड : पडलो, तर शेजारच्या गॉर्डीने उचललं. आणि तुझ्याकडे म्हणे जुलैत गाडीचं तापलेलं स्टिअरिंग धरायला हातमोजे लागतात. हातमोजे तिथेही, इथेही. फिट्टंफाट!

लोर्ना : जीभ तेवढी शाबूत आहे. मग तोंड का उतरलंय?

आर्विड : काही नाही. मघापासून कॉफीचा वास येतोय.

लोर्ना : अरे, विचारलं की मी! ‘नको’ म्हणालास.

आर्विड : म्हणालो. आणि तू ‘बरं’ म्हणून भांडं उचलून आत नेलंस.

लोर्ना : अरे देवा!

आर्विड : आईच्या घरात पहिल्या फटक्यात ‘हो’ म्हणणारा हावरट. एकदा नको, दोनदा नको, तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धा कप’. चाळीस वर्षांत सगळं विसरलीस.

लोर्ना : इथे ‘नको’ म्हणजे नकोच असतं रे. थांब, आणते... हं, घे. पूर्ण कप आहे, मुकाट्याने पी.

आर्विड : मार्लिस गेली तेव्हाही तू असंच केलंस.

लोर्ना : काय केलं? तुझी बायको गेली, तू एकटा पडलास, म्हणून मीच म्हटलं ना, माझ्याकडे राहायला चल?

आर्विड : दोनदा म्हणालीस. मग कोट चढवलास आणि विमानतळावर निघून गेलीस.

लोर्ना : म्हणजे तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर आला असतास?

आर्विड : पलंगाखाली बॅग भरून ठेवली होती.

लोर्ना : आर्विड! दोन वर्षं झाली त्याला. मला वाटलं, तुला मी नकोय. विमानात किती रडले, ठाऊक आहे?

आर्विड : मी बॅग रिकामी करताना रडलो. जाऊ दे. मनगटाला काय झालं तुझ्या? वाकडं दिसतंय.

लोर्ना : काही नाही रे. ऑगस्टमध्ये न्हाणीघरात पडले.

आर्विड : उचललं कोणी?

लोर्ना : घरामागचा पोहण्याचा तलाव साफ करायला येतो त्या माणसाने. बुधवारी.

आर्विड : पडलीस कधी?

लोर्ना : मंगळवारी. सकाळी.

आर्विड : आणि शेजारी काय करत होते?

लोर्ना : भले आहेत रे. दिसले की हात हलवतात. पण उन्हाळ्यात दिसायचे कधी? गॅरेजचं दार वर, गाडी आत, दार खाली.

आर्विड : माझ्या खिडकीचा पडदा सातला वर गेला नाही, तर सव्वासातला गॉर्डी दार ठोकतो. भारी चोंबडा आहे, पण ठोकतो. लोर्ना, तूच चल माझ्याकडे राहायला.

लोर्ना : काहीतरीच! त्या थंडीत? नको.

आर्विड : मार्लिसची शिवणाची खोली रिकामीच आहे. दुपारभर ऊन येतं तिथे. चल.

लोर्ना : नको रे. हाडं गोठतील माझी. इथली लिंबाची झाडं कोण बघेल? आणि तुझ्यावर कशाला भार? ...गप्प का झालास?

आर्विड : कॉफी संपवतोय. संपली की तिसऱ्यांदा विचारणार आहे.

लोर्ना : सावकाश संपव. माझा जाड कोट कुठल्या खोक्यात आहे, ते आठवतेय.